आडवी बाटली आणि मावशीची अंडी

मी पदवीपर्यंत शिकले ती उकडलेल्या अंड्यांवर. आज हे वाक्य मी सहज लिहिते. कॉलेजात असताना ते कुणासमोर उच्चारलं नसतं.

आमचा पाडा गणेशपुरीच्या पलीकडे. आई-बाबा दोघंही सही करण्यापुरतं शिकलेले, भाताच्या दिवसांत शेतावर आणि एरवी मिळेल त्या कामावर जाणारे. दहावीपर्यंत जवळपासच्या शाळेत भागलं. पुढं शिकायचं तर भिवंडी, आणि भिवंडीत राहायचं तर नारपोलीची मावशी. बाबा तिला विचारायला गेले तेव्हा बराच वेळ पाऊसपाणी, एसटी, गावची माणसं असंच बोलत राहिले. मावशीनं त्यांना चहा पुरा पिऊ दिला आणि म्हणाली, "भाऊजी, पोरीची पिशवी का न्हाय आणली बरोबर?"

तिची खोली चाळीतली. पाठीमागच्या भिंतीला लागून लूमचा, म्हणजे यंत्रमागाचा, कारखाना, त्यामुळे हंड्यातल्या पाण्यावर सतत बारीक थरथर. पहिल्या आठवड्यात मला वाटलं, इथं अभ्यास होणं शक्य नाही. पुढं सवय अशी लागली की वीज गेली आणि लूम थांबले की वाचलेलं डोक्यात शिरेनासं व्हायचं.

मावशीचा धंदा गल्लीच्या तोंडाशी, देशी दारूच्या सरकारमान्य दुकानासमोर. एक लोखंडी स्टूल, एक उलटा क्रेट, त्यावर ॲल्युमिनियमचं मोठं पातेलं. उकडलेली अंडी, चिरलेला कांदा, तिखट-मीठ, चणे, कधी तळलेले बोंबील. पिणारे त्याला चकणा म्हणत. तो शब्द मावशीला आवडत नसे. "मी जेवण विकते," ती म्हणायची. "ह्यातल्या निम्म्यांचं रातचं जेवण तेवढंच असतंय."

काका, म्हणजे मावशीचे यजमान, लूम चालवायचे आणि त्याच दुकानात प्यायचे. त्या पिण्यातच ते गेले. मी तिच्याकडे राहायला येण्याच्या आधीची ही गोष्ट. वर्ष व्हायच्या आत मावशी त्याच दुकानासमोर पातेलं घेऊन बसली. लोक बोलले, नातेवाईक तर फारच बोलले. तिचं उत्तर ठरलेलं असे, "ह्यांनी त्या दुकानाला एवढं दिलं, थोडं परत घ्यायला बसलेय."

तिची एक पद्धत होती. मोटारसायकलवर आलेल्या माणसानं आत जाण्याआधी गाडीची किल्ली तिच्याकडे द्यायची. क्रेटच्या बाजूला खिळे ठोकलेली फळी होती, तिच्यावर किल्ल्या लटकत. बाहेर आल्यावर दोन अंडी खायची, समोरच्या विजेच्या खांबापर्यंत सरळ चालत जाऊन खांबाला हात लावून परत यायचं. जमलं तर किल्ली, नाहीतर नाही.

"मावशी, दे दो ना, घर जाना है."

"पैले खंबे को हात लगाके आ."

"कौनसे खंबे को? दो हैं."

"दो दिखता है? तो चल के जा घर. गाडी कल सुबह ले जा, कोई खाता न्हाय तेरा गाडी."

आश्चर्य म्हणजे माणसं ऐकत. चिडत, हात जोडत, पण किल्ली हिसकावून नेल्याचं मी कधी ऐकलं नाही.

मला मात्र त्या बाजूला फिरकायची सक्त मनाई होती. कॉलेज सुटल्यावर मी नाल्याकाठच्या लांबच्या वाटेनं घरी यायची. आमच्या गल्लीतल्या सगळ्याच मुली तसं यायच्या. गल्लीचं तोंड आमचं नव्हतंच. त्यात काही विचित्र आहे असं तेव्हा वाटलं नाही. घरी पोचायला दहा मिनिटं जास्त लागतात, एवढंच.

वर्गात कुणी विचारलं की मी सांगायची, मावशीचा अंड्यांचा व्यवसाय आहे. "म्हणजे पोल्ट्री?" एका मैत्रिणीनं विचारलं. मी म्हटलं, "हो, तसंच." पुढं तिच्या भावानं चायनीजची गाडी टाकली आणि तिनं माझ्याकडे घाऊक भावानं अंडी मागितली. घाबरत घाबरत मी हे मावशीला सांगितलं. ती इतकी हसली की डोळ्यांना पदर लावावा लागला. "देऊ की. किती कोंबड्या हायत म्हणून सांगितलंस?"

पदवी झाली, परीक्षा दिली, प्रभाग कार्यालयात लिपिक म्हणून लागले. आमच्या घरातली पहिली पदवी आणि पहिली सरकारी खुर्ची. मावशीनं पेढे आणले आणि आधी देवापुढं, मग थेट दुकानासमोर नेऊन वाटले. मला नंतर कळलं की तिथल्या एकानं पेढा खाऊन हात वर करून सांगितलं, "मावशी, अब तो हमारे नाली का काम पक्का!" मावशीनं त्याला सांगितलं, "पैले तू नाली में गिरना बंद कर."

नोकरीला लागून तीन वर्षं झाली असतील, तेव्हा ती फाइल माझ्या टेबलावर आली. आमच्याच गल्लीतल्या आणि आसपासच्या बायकांनी सह्या करून मागणी केली होती की, गल्लीच्या तोंडाचं देशी दारूचं दुकान बंद करावं. आपल्या राज्यात कायद्यानं अशी सोय आहे. पुरेशा बायकांनी मागणी केली तर त्या भागातल्या बायकांचं गुप्त मतदान होतं. मतपत्रिकेवर दोन चित्रं असतात. उभी बाटली म्हणजे दुकान राहावं, आडवी बाटली म्हणजे बंद व्हावं. परवाना देणं-काढणं आमच्या हातात नसतं. उत्पादन शुल्क खात्यानं आमच्याकडून फक्त अभिप्राय मागवला होता आणि मतदानासाठी पालिकेची शाळा.

आमचे साहेब निवृत्तीला आलेले होते. टिपणी कशी लिहायची हे मला त्यांनीच शिकवलं. 'मला वाटते' लिहायचं नाही, 'असे दिसून येते' लिहायचं. मी फाइल घेऊन त्यांच्यासमोर उभी राहिले आणि सांगितलं, "साहेब, त्या दुकानासमोर माझी मावशी अंडी विकते."

त्यांनी चष्मा काढला. "तुझी सख्खी मावशी?"

"सख्खी. तिनंच शिकवलं मला."

त्यांनी चष्मा पुसून पुन्हा लावला. मग म्हणाले, "माहिती तू गोळा कर. सही माझी असेल. आणि पहिल्याच परिच्छेदात लिहायचं की माहिती घेणाऱ्या कर्मचाऱ्याच्या नातेवाईक तिथे विक्रेत्या आहेत. लपवायचं नाही. आणि दोन्ही बाजू लिही, सामाजिक परिणाम, आर्थिक परिणाम. शेवटी 'समतोल साधावा' असं येतंच, ते मी घालतो."

मी वही घेऊन निघाले ती आधी बिसीवाल्या काकूंकडे. बिसी म्हणजे लूम कामगारांची महिनेवारी खानावळ. काकूंच्या बिसीत साठेक माणसं जेवत, आणि सह्यांच्या कागदावर पहिली सही त्यांची होती. सोलापूरकडून आलेल्या, घरात तेलुगू, दारात मराठी, गिऱ्हाइकांशी हिंदी. पीठ मळता मळताच त्यांनी मला आपादमस्तक पाहिलं.

"मुन्शिपाल्टीकडून आलीस की मावशीकडून?"

"मुन्शिपाल्टीकडून."

"मग लिही. पगाराच्या दिवशी माझ्याकडे निम्मी ताटं येत नाहीत. भाकऱ्या गाईला घालते मी. ते सोड, ते माझं नुकसान, मी सोसते. पण पगार झाल्यावर चाळीतल्या पिणाऱ्यांच्या बायका माझ्या दारात येतात. काकू, दोन भाकऱ्या द्या म्हणतात. नवरा कमावतो आणि बायको माझ्या दारात! आणि आमच्या पोरी बघ, शिवणक्लासवरून नाल्याकडून येतात. तिकडं दिवे नाहीत. त्यांचा रस्ता कुणी पळवला?"

मी लिहीत होते ती थांबले. नाल्याकडची वाट. इतकी वर्षं मी तिथून चालत आले होते आणि मला ते कधी नुकसान वाटलंच नव्हतं. ज्या दुकानाच्या आधारानं माझी फी भरली गेली, त्याच दुकानानं मला रोज लांबच्या वाटेनं पाठवलं होतं. दोन्ही गोष्टी एकाच वहीत एकापाठोपाठ एक लिहिताना मला फार विचित्र वाटलं.

मग मी दुसऱ्या बाजूनं फिरले. दुकानात काम करणारी माणसं सरकारी कागदावर होती. कागदावर नसलेलीच जास्त होती. बाटल्या गोळा करणारा भंगारवाला. कोपऱ्यावरचा पानवाला. भजी तळणारी एक बाई, चणे विकणारा एक म्हातारा. आणि मावशी. दुकान बंद झालं तर तिकडून मिळणारा महसूल सरकारला दुसरीकडून मिळेल. ह्यांना दुसरीकडून मिळणार नव्हतं.

मावशीशी बोलणं मी टाळत होते. एका संध्याकाळी तीच म्हणाली, "सगळ्यांकडं वही घेऊन गेलीस. मी काय चोरी केली?"

"तू घरातली आहेस."

"घरात घरातली. तिकडं धंदेवाली. लिही. सही कोणी मारू दे, कोणी न मारू दे, मी भांडणार न्हाय. दारूनं काय होतं ते ह्या खोलीत मी बघितलंय, मला कोणी शिकवू नको. पण बंद झालं तर मी कुठं बसू, ते तुझ्या कागदात लिही. एवढंच लिही."

मी तिला म्हटलं, आता मी कमावते आहे, तुला बसायची काय गरज? "तू कमावतेस ते तुझं," ती म्हणाली. "मी म्हातारी झाले का? दोन पाय हायत, पातेलं हाय. मला जागा पायजे, पेन्शन न्हाय."

टिपणी लिहिताना एका ठिकाणी मी अडले. साहेबांना विचारलं, "किल्ल्या कुठं लिहू?"

"कुठल्या किल्ल्या?"

मी सांगितलं. ते हसले, मग गंभीर झाले. "सामाजिकमध्ये लिही."

"पण तो तिच्या धंद्याचा भाग आहे. किल्ली ठेवली की माणूस अंडी घेतोच."

"मग दोन्हीकडे लिही. आपल्याकडे कागदाची टंचाई नाही."

शेवटी मी शिफारस लिहिली, दुकान बंद झाल्यास समोरच्या विक्रेत्यांना कारखान्यांच्या फाटकाजवळ, पालिकेच्या भिंतीलगत जागा आखून द्यावी. ती मतदानाआधीच आखून ठेवावी. साहेबांनी सगळी टिपणी दोनदा वाचली. फक्त एक शब्द खोडला. 'मतदानाआधीच' काढून तिथं 'यथावकाश' लिहिलं.

"साहेब, यथावकाश म्हणजे कधी?"

"म्हणजे नाही असं नाही," ते म्हणाले.

मतदानाच्या आठवडाभर आधी शाळेच्या एका वर्गात बायकांची बैठक ठेवली. मत कशाला द्यायचं हे आम्ही सांगायचं नव्हतं, फक्त कसं द्यायचं ते. रविवारची दुपार होती. लहान मुलांच्या बाकांवर बायका गुडघे दुमडून बसल्या होत्या. मावशी सगळ्यात मागे भिंतीला टेकून उभी होती. काकू पुढच्या बाकावर, आठ दिवस प्रचार करून घसा बसलेला. 'बाटली आडवी करा' ही त्यांची घोषणा प्रत्येक चाळीत पोचली होती.

मी फळ्यावर दोन बाटल्या काढल्या. मग परिपत्रक वाचलं, जसंच्या तसं. "आडव्या बाटलीच्या चित्रासमोर शिक्का उमटवल्यास ते मत अनुज्ञप्ती रद्द करण्याच्या बाजूने समजण्यात येईल." मला त्या वेळी ते अगदी स्पष्ट वाटलं. मी पदवीधर होते, मला अनुज्ञप्ती म्हणजे परवाना हे माहीत होतं. समोरच्या बायकांनी माना डोलवल्या. मी म्हटलं, "समजलं ना सगळ्यांना?" सगळ्या म्हणाल्या, समजलं. मी खडू खाली ठेवला.

"बाय, एक विचारू का?" मागून मावशीचा आवाज आला.

मला वाटलं, आता ही सगळ्यांसमोर जागेचं काढणार.

"तिकडं दुकानात बाटली आडवी केली की काय होतं, म्हाईत हाय तुला?"

"काय होतं?"

"दुसरी येते. टेबलावर रिकामी बाटली आडवी ठेवायची, बोलायचं न्हाय काही. आतला माणूस बघतो आणि भरलेली आणतो. आडवी म्हंजे 'अजून एक आण'. मी रोज बघते."

बायका एकमेकींकडे बघू लागल्या. मग तिसऱ्या बाकावरची एक बाई उठली. उत्तर प्रदेशातली, डोक्यावर पदर घेतलेली. "सच्ची बात है. मैं उनको बुलाने जाती हूँ ना, तो देखती हूँ. बोतल सुलाई नहीं कि दूसरी आई. मैं तो सोच रही थी, खड़ी पे ठप्पा मारूँगी. खड़ी मतलब भरी हुई. किसी ने पी नहीं."

"मी पण!" दुसरी एक म्हणाली. "उभी म्हणजे तशीच राहू दे, फोडू नका, असंच ना?"

"माझा नवरा आडवा असतो पिऊन. मला वाटलं आडवी म्हणजे दारू चालू, उभी म्हणजे माणूस उभा."

काकूंनी दोन्ही हात डोक्याला लावले. "देवा! आठ दिवस गल्लीगल्लीत मी काय ओरडत होते मग? अजून एक आण, अजून एक आण?"

आधी एक हसली, मग दुसरी, मग सगळा वर्ग. काकूंचा बसलेला घसा हसताना फाटक्या भोंग्यासारखा वाजत होता. मीही हसले, पण माझे कान गरम झाले होते. चूक काकूंची नव्हती. मी शाळेतल्या बाईंसारखं परिपत्रक वाचलं होतं आणि बायकांनी मला मान म्हणून माना डोलवल्या होत्या. आई माझ्या शाळेत पालकसभेला यायची, तेव्हा गुरुजींपुढे अशीच मान डोलवायची. घरी आल्यावर मला विचारायची, ते काय म्हणाले गं?

मी फळा पुसला. पुन्हा काढलं. या वेळी बाटल्यांच्या जागी दुकान काढलं, एक उभं आणि एक आडवं पडलेलं, शटर वरच्या बाजूला. म्हटलं, "बाटली विसरा. हे दुकान आहे. उभं म्हणजे चालू. आडवं म्हणजे झोपलं."

"दुकान सो गया," पदरवाली म्हणाली.

"हां, सो गया."

आणि प्रत्येकीला मी उलट विचारलं, चालू ठेवायचं असेल तर शिक्का कुठं, बंद करायचं असेल तर कुठं. सगळ्या बरोबर सांगेपर्यंत कुणाला सोडलं नाही. त्या दिवसापासून काकूंची घोषणा बदलली. 'दुकान को सुलाओ' म्हणत त्या उरलेले दिवस फिरल्या.

घरी परतताना मी आणि मावशी नाल्याकडच्या वाटेनंच चाललो होतो, सवयीनं. थोडं अंतर गेल्यावर मला एकदम कळलं की वर्गात नेमकं काय झालं होतं. ती गप्प राहिली असती तर गल्लीतल्या निम्म्या बायकांनी उभ्या बाटलीवर शिक्के मारले असते. दुकान राहिलं असतं. तिची जागा राहिली असती. आणि कुणालाही कधीच कळलं नसतं.

"मावशी, तू का बोललीस?"

"काय बोलले?"

"ते बाटलीचं. तुझंच नुकसान केलंस ना."

ती चालत राहिली. मग म्हणाली, "गिऱ्हाइकाला अंडं देताना नासकं निघालं तर मी काय करते?"

"बदलून देतेस."

"त्याला तर चव पण कळत न्हाय त्या वेळेला. तिखट-मीठ लावून दिलं तर खाईल पण. तरी बदलते ना? मग. त्या बायांना नासकं कसं देऊ?" आणि जरा पुढं जाऊन, "तू पण काय गो, काय ते अनु... अनु..."

"अनुज्ञप्ती."

"हां. ते असलं पोरांना घाबरवायला ठेव. बायांना न्हाय."

मतदान झालं. रांग शाळेच्या फाटकाबाहेर गेली होती. बिसीतली जेवणं त्या दिवशी उशिरा झाली, कारण वाढणाऱ्या सगळ्या रांगेत होत्या. मावशी इस्त्रीची साडी नेसून आली, मत दिलं आणि थेट पातेलं घेऊन जागेवर जाऊन बसली. संध्याकाळी मोजणी संपली. आडवी बाटली जिंकली, आणि थोडक्यात नव्हे.

सगळं छान झालं असं मी लिहिणार नाही. दुकान बंद झालं, पण पिणं संपलं नाही. ज्यांना प्यायची ते गोदामांच्या रस्त्याकडच्या दुसऱ्या दुकानात जाऊ लागले. काहींनी मात्र खरंच सोडली, निदान रोजची. इतक्या लांब चालत जायचा कंटाळा, असं त्यातल्या एकानं मावशीला प्रामाणिकपणे सांगितलं. काकूंच्या बिसीत पगाराच्या दिवशी ताटं भरू लागली. चणेवाला म्हातारा गावी निघून गेला. त्याचं काय झालं ते मला माहीत नाही, आणि टिपणीत त्याच्यासाठी मी दीड ओळ लिहिली होती हे मला अजून आठवतं.

आणि मावशी? ती बंद शटरसमोर बसून राहिली. दुसरी जागा नव्हती. पातेल्यात अंडी कमी कमी होत गेली. किल्ल्यांची फळी रिकामी. मी रोज कार्यालयात गेल्यावर आधी जागेच्या फाइलचं काय झालं ते पाहायची. फाइल यथावकाश पुढं सरकत होती. त्या दिवसांत घरी मला तिच्या डोळ्याला डोळा देववत नव्हता.

एका सकाळी काकू आमच्या दारात आल्या. आधी कधी आल्या नव्हत्या. उंबऱ्याबाहेरूनच म्हणाल्या, "मावशी, बुधवारी आणि रविवारी माझ्या माणसांना अंडं लागतं. मी आणते बाजारातून, निम्मी फुटतात, सोलताना पोरी वैतागतात. तू देशील उकडून, सोलून?"

"दुकान बंद केलंस आणि आता अंडी मागायला आलीस?"

"बंद तू केलंस," काकू म्हणाल्या. "मी तर 'अजून एक आण' ओरडत होते."

मावशीनं त्यांना आत बोलावलं आणि चहा टाकला. बराच वेळ दोघी अंड्यांवरच बोलत होत्या. चहात साखर कमी असल्याची तक्रार काकूंनी केली, तेव्हा मला वाटलं, आता हे जमलं.

साहेबांच्या निवृत्तीला आठवडा उरला होता. त्यांनी मला बोलावलं, टोपी घातली आणि म्हणाले, "चल, जागा बघू." मोजणीदाराला घेऊन आम्ही कारखान्यांच्या फाटकाजवळ गेलो. पालिकेच्या भिंतीलगत पांढऱ्या रंगानं चौकोन आखले गेले, प्रत्येकात एक आकडा. साहेब रंगाच्या डब्यापासून जपून उभे होते. "हे यथावकाश," ते मला म्हणाले. त्यांच्या निरोपाच्या दिवशी मी भाषण करू शकले नाही. पण टिपणी लिहायला बसले की आजही आधी त्यांची आठवण येते.

आता मावशी पहाटे उठते. रात्रीची शिफ्ट सुटते आणि दिवसाची सुरू होते, त्या वेळी फाटकाशी गर्दी असते. अंडी, पाव, कांदा, आणि कामगारांच्या हट्टाखातर चहा. क्रेट गेला, चार चाकांची गाडी आली. जुनी फळी तिनं गाडीला ठोकली आहे. त्या खिळ्यांवर आता चहाची गाळणी, कापड, उलथनं असतात. कमाई पूर्वीइतकी नाही असं ती म्हणते. पण दिवसाढवळ्या दोन पायांवर उभी असलेली गिऱ्हाइकं बघून बरं वाटतं, असंही म्हणते.

मी कार्यालयात जाताना तिच्याकडून चहा घेऊन जाते. जाते ती गल्लीच्या तोंडाकडून. ती वाट आता मुलींची पण आहे. त्या जागी आता झेरॉक्सचं दुकान आलंय. पहिल्यांदा तिथून गेले तेव्हा पाय आपोआप नाल्याकडे वळत होते.

एकदा मी तिला विचारलंच, "तू शिक्का कुठं मारला होतास?"

"गुप्त मतदान हाय ना?" ती म्हणाली. "तूच शिकवलंस."

मी पुढं काही विचारणार इतक्यात फाटकाशी एक मोटारसायकल थांबली. जुनं गिऱ्हाईक, त्या दुकानाच्या वेळचं. रात्रीची ड्युटी करून आलेला, केसांत कापसाचा भुगा, अगदी शुद्धीत. त्यानं गाडी लावली आणि सवयीनं किल्ली काढून मावशीपुढे धरली.

मावशीनं किल्लीकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं. "अरे, सुबह के सात बजे! चाय के लिए किल्ली?"

तो ओशाळून हसला. "आदत है, मावशी."

तिनं किल्ली घेतली, गाळणीशेजारच्या खिळ्याला अडकवली आणि पातेल्याचं झाकण उघडलं. "ठीक हाय. पैले दो अंडे खा. फिर खंबे को हात लगाके आ."